मापात पाप नसतानाही

'मापात पाप' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत इतका रुळला आहे की, माप चुकले म्हणजे कुणीतरी लबाडी केली असणार, असे आपण विचार न करताच गृहीत धरतो. दुकानदाराने पारड्याच्या तळाला चिंच चिकटवली असेल किंवा गवळ्याने दुधात पाणी ओतले असेल, अशीच शंका आपल्या मनात प्रथम येते. पवित्र शास्त्रातील नीतिसूत्रांच्या पुस्तकातही दोन तऱ्हेची वजने आणि दोन तऱ्हेची मापे बाळगणाऱ्याचा कडक शब्दांत निषेध आहे. पण तो निषेध फसवणाऱ्याचा आहे. कुणीही कुणाला फसवले नाही, प्रत्येकाने आपापले काम प्रामाणिकपणे केले आणि तरीही माप चुकले, असे घडले तर दोष कुणाला द्यायचा? विमानात भरल्या जाणाऱ्या इंधनाच्या बाबतीत असे घडले आहे. एकदा नव्हे, अनेकदा.

एका धर्मगुरूने या विषयावर का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर सोपे आहे. आज आपल्या समाजातील क्वचितच एखादे कुटुंब असे असेल की ज्यातील कुणी ना कुणी विमानाने जात-येत नाही. मुलगा आखातात, मुलगी परिचारिका म्हणून परदेशी, भाऊ जहाजावर. नांदेड, हैदराबाद किंवा मुंबईहून ती माणसे उडतात आणि मागे राहिलेली आई रोजरीची माळ हाती घेऊन, पोहोचल्याचा फोन येईपर्यंत जागी बसते. तिच्या मनातल्या भीतीला नाव नसते. अशाच एका मातेने मला विचारले होते, "फादर, आकाशात पेट्रोल संपलं तर हो?" त्या प्रश्नाला 'देवावर विश्वास ठेव' एवढे उत्तर देऊन भागत नाही. तो विश्वास तर हवाच; पण प्रश्न इंधनाचा होता आणि त्याचे उत्तरही इंधनाविषयीच असायला हवे होते.

मी हे लिहितो आहे ते हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेवच्या परिसरातून. कयाधू नदीच्या काठचे हे गाव परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेव शिंप्याच्या घरातले. म्हणजे ज्या घरात मोजल्याशिवाय कात्री चालत नाही अशा घरातले. या भागातील वयोवृद्ध माणसे अजूनही बोलताना पायली, अडिसरी, शेर ही मापे सहज वापरतात. दोन शेरांची अडिसरी, दोन अडिसऱ्यांची पायली, सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी, हे कोष्टक जुन्या पिढीला पाढ्यांसारखे पाठ होते. मणाच्या पायल्या गावोगाव कमी-अधिक असत, ते वेगळेच. भारतात दशमान वजने-मापे १९५६ च्या कायद्याने आली आणि १ एप्रिल १९६२ पासून किलो व्यवहारात सक्तीचा झाला; पण माणसांच्या बोलण्यातून पायली गेली नाही.

या पायलीत एक गोष्ट लपलेली आहे, ती ध्यानात घेतली म्हणजे पुढचे सारे सोपे होते. पायली हे भांड्याचे माप आहे, वजनाचे नव्हे. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर सरकी ही मापाला सारखी, पण तराजूत टाकली तर ज्वारी किती तरी जड भरते. तेव्हा पायलीचे किलो करायचे असतील, तर भांड्यात काय आहे हे आधी विचारावे लागते. आमच्या भागातील स्त्रियांना हे कुणी शिकवले नाही. त्यांना ते ठाऊकच असते.

आणखी एक जुनी आठवण या मातीची आहे. निजामाच्या राज्यात मराठवाड्यामध्ये हाली शिक्का नावाचा रुपया चालत असे आणि शेजारच्या इंग्रजी मुलुखात कलदार रुपया. दोघांचे मोल सारखे नव्हते. कलदार भारी, हाली हलका. त्यामुळे कुणी शंभर रुपये म्हटले की समोरचा माणूस लगेच विचारी, "हाली का कलदार?" हा प्रश्न विचारण्यात अविश्वास नव्हता की अपमान नव्हता. नुसत्या आकड्याला अर्थ नसतो, हे सर्वांना कळलेले होते, इतकेच.

आता विमानाकडे वळू या. आमच्या ओळखीचा एक ख्रिस्ती तरुण एका विमानतळावर इंधन भरण्याच्या कामावर आहे. नाताळच्या सुट्टीत तो घरी आला असता मी त्याला पुष्कळ प्रश्न विचारले आणि त्याने न कंटाळता उत्तरे दिली. त्याच्या बोलण्यातून मला समजलेला पहिला मुद्दा असा की, इंधन भरणाऱ्या गाडीचा मीटर लिटर मोजतो, पण वैमानिकाला हवे असतात किलो. कारण विमान उडते ते वजनाच्या हिशोबाने. आणि इंजिनाला मिळणारी ऊर्जाही इंधनाच्या वजनावर अवलंबून असते, आकारमानावर नव्हे. विमानाचे इंधन म्हणजे मुळात शुद्ध केलेले रॉकेलच. पाण्यापेक्षा ते हलके. एका लिटरचे वजन साधारण पाऊण किलोहून थोडे अधिक भरते. उन्हात तापले की ते प्रसरण पावते आणि त्याच लिटरचे वजन कमी होते. म्हणून दर वेळी त्या दिवसाची घनता पाहून लिटरचे किलो करावे लागतात. पायली आणि ज्वारीचाच हा हिशोब.

"मग टाकी गच्च भरूनच का नाही निघत?" मी विचारले.

"फादर, कडब्याच्या गाडीसारखं आहे ते," तो म्हणाला. "लांबच्या वाटेला बैलांसाठी कडबा घ्यावा लागतो. पण कडबाच फार भरला तर तो ओढण्यातच बैल दमतात."

त्याची उपमा अचूक होती. जादा इंधन वाहून नेण्यासाठीच जादा इंधन जळते, शिवाय उतरताना विमानाचे वजन ठराविक मर्यादेच्या आत असावे लागते. म्हणून प्रत्येक उड्डाणाचे इंधन आधी मोजून ठरवतात: धावपट्टीपर्यंत जाण्याचे, प्रवासाचे, वारा-वादळासाठी थोडे जास्तीचे, मुक्कामाच्या विमानतळावर उतरता आले नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याचे, आणि या सर्वांच्या शेवटी, ज्याला हात लावण्याची वेळ येऊ नये असे, तीस मिनिटे आकाशात घिरट्या घालता येतील एवढे. वैमानिकाला वाटले तर तो आणखी मागू शकतो.

टाकीत किती आहे हे दाखवणारे यंत्र विमानातच असते. पण त्या एकट्यावर विसंबत नाहीत. आधी टाकीत किती होते, गाडीतून किती भरले आणि आता काटा किती दाखवतो, या तिहींचा मेळ बसावा लागतो. यंत्रच बिघडले असेल तर पंखाच्या खालून एक मोजपट्टी खाली ओढून टाकीतील इंधनाची पातळी पाहण्याची सोय असते. आपल्याकडे विहिरीत दोर सोडून पाणी पाहतात, तसेच.

एवढी पूर्वतयारी झाल्यावर २३ जुलै १९८३ चा प्रसंग सांगतो. एअर कॅनडा कंपनीचे बोइंग ७६७ जातीचे नवेकोरे विमान माँट्रियालहून ओटावामार्गे एडमंटनला निघायचे होते. त्या काळात कॅनडा देश पौंडाकडून किलोकडे वळत होता आणि त्या कंपनीच्या ताफ्यात किलोमध्ये इंधन मोजणारे हे पहिलेच जातीचे विमान होते. बाकी सर्व विमाने पौंडात. त्या दिवशी इंधन दाखवणाऱ्या यंत्राचे पडदे कोरे पडले होते. यंत्रातील एक जोड सदोष होता. आदल्या मुक्कामी एका तंत्रज्ञाने त्यावर तात्पुरता उपाय करून ठेवला होता. माँट्रियालच्या तंत्रज्ञाने तपासणीसाठी तो उपाय काढला, मध्येच दुसऱ्या कामाकडे त्याचे लक्ष गेले आणि ते तसेच राहिले. असे विमान नियमाप्रमाणे उडवायला नको होते. पण आधीच्या वैमानिकाशी झालेल्या बोलण्यातून कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांचा असा समज झाला की विमान याच स्थितीत आधीही उडत आले आहे.

मग पट्टीने मोजणी झाली. टाकीत ७,६८२ लिटर होते. प्रवासाला हवे होते २२,३०० किलो. लिटरचे वजन काढण्यासाठी इंधनाच्या कागदावर १.७७ हा गुणक होता. सर्वांच्या नित्याच्या वापरातला तो गुणक. त्याने गुणले आणि १३,५९७ असे उत्तर आले. राहिलेली तूट काढून, तिला पुन्हा १.७७ ने भागून, सुमारे ४,९०० लिटर इंधन भरले. गणित बिनचूक होते. पण १.७७ हा गुणक लिटरचे पौंड करण्याचा होता. किलो करायचे तर ०.८०३ ने गुणायला हवे होते. त्या हिशोबाने २०,००० लिटरांहून अधिक इंधन भरावे लागले असते. विमानात २२,३०० भरले गेले खरे, पण पौंड. म्हणजे जेमतेम १०,१०० किलो, लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहूनही कमी. वैमानिकांनी संगणकाला २२,३०० हा आकडा सांगितला, आणि संगणकाने त्यावर निमूटपणे विश्वास ठेवून पुढचा हिशोब मांडला. पडद्यावर सारे व्यवस्थित दिसत होते.

हाली का कलदार, एवढे कुणी विचारले नाही.

मला या कथेतला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग याच्या पुढचा वाटतो. ओटावाला विमान थांबले तेव्हा पिअर्सन यांनी इंधन पुन्हा मोजायला लावले. म्हणजे हा माणूस बेफिकीर नव्हता. शंका आल्यावर त्याने दुसऱ्यांदा तपासले. पण दुसऱ्या तपासणीतही गुणक तोच वापरला गेला, म्हणून उत्तरही पुन्हा 'बरोबर' आले. चुकीच्या पायलीने दहा वेळा मोजले तरी धान्य वाढत नाही, मोजणाऱ्याचा विश्वास तेवढा वाढतो. तपासणी म्हणजे तेच काम पुन्हा करणे, असे आपण घराघरांत आणि कार्यालयांत समजतो. ती खरी तपासणी नव्हे. वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचता आले, तरच तिला तपासणी म्हणता येईल.

४१,००० फुटांवर असताना इशाऱ्याचे दिवे लागले आणि काही वेळातच दोन्ही इंजिने बंद पडली. त्याबरोबर वीज गेली, कॉकपिटमधील बहुतेक पडदे अंधारले. वाऱ्याच्या झोतावर फिरणारा एक छोटा पंखा विमानातून आपोआप बाहेर येतो. त्याच्या जोरावर विमानाला वळवण्याइतकी शक्ती मिळत राहिली. पिअर्सन यांना इंजिनाविना उडणाऱ्या ग्लायडरचा सराव होता. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी पूर्वी हवाई दलात असताना गिमली येथील तळावर काम केले होते. त्यांनी तिकडे जाण्याचे सुचवले. मात्र तो तळ आता बंद झाला असून त्याच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होतात आणि त्या दिवशी तेथे कुटुंबे जमलेली आहेत, हे त्यांना माहीत नव्हते. विमान जास्त उंचीवरून येत होते. ते एका अंगावर कलते करून, ग्लायडरवाल्यांच्या युक्तीने पिअर्सन यांनी उंची उतरवली. नाकाखालचे चाक मोडले, विमान घासत थांबले. विमानात ६९ माणसे होती. कुणीही दगावले नाही, जमिनीवरही नाही. मागची शेपूट वर उचलली गेल्यामुळे मागील घसरगुंडी फार उभी झाली होती, तिच्यावरून उतरताना काहींना खरचटले, तेवढेच.

'गिमली ग्लायडर' या नावाने हा प्रसंग जगभर गाजला आणि तो बहुधा वैमानिकांच्या कौशल्याची गोष्ट म्हणून सांगितला जातो. ते कौशल्य थोर होतेच. पण न्यायमूर्ती जॉर्ज लॉकवूड यांच्या चौकशी अहवालाने बोट ठेवले ते निराळ्या जागी. पूर्वी विमानात तिसरा माणूस असे, फ्लाइट इंजिनियर. इंधनाचा हिशोब त्याचा. नव्या विमानात दोनच वैमानिक बसू लागले, तिसरा माणूस गेला, पण त्याचे ते काम आता कुणाचे, हे कंपनीने स्पष्टपणे ठरवून दिले नव्हते. वैमानिकांना वाटे, हे खालच्या तंत्रज्ञांचे काम. तंत्रज्ञांना त्याचे पुरेसे शिक्षण दिलेले नव्हते. मला सेमिनरीतील एक जुने वळण आठवते. सर्वांनी मिळून करायचे असे ज्या कामाला म्हणत, ते काम हमखास राहून जाई. शेवटी रेक्टर भिंतीवरच्या कागदावर एकाच ब्रदरचे नाव लिहीत.

कंपनीने आधी शिक्षा केल्या त्या माणसांना: पिअर्सन यांची काही काळ पदावनती झाली, क्विंटल आणि काही तंत्रज्ञांना निलंबित केले गेले. पुढे १९८५ मध्ये दोघा वैमानिकांना आंतरराष्ट्रीय पातळीवर गौरवण्यात आले. विमानही दुरुस्त होऊन २००८ पर्यंत उडत राहिले.

गिमलीला यंत्र गप्प होते. यंत्र बोलते, पण खोटे बोलते, असाही प्रकार आहे आणि तो अधिक घातक. ६ ऑगस्ट २००५ रोजी ट्युनिसियाच्या ट्युनइंटर कंपनीचे एटीआर ७२ विमान इटलीतील बारी येथून जेर्बाकडे जात असता दोन्ही इंजिने बंद पडून सिसिलीजवळ समुद्रात उतरले. ३९ जणांपैकी १६ जण मृत्युमुखी पडले. आदल्या रात्री त्या विमानातील इंधनाचा काटा बदलण्यात आला होता आणि बसवलेला काटा होता धाकट्या एटीआर ४२ विमानाचा. दोन्ही काटे दिसायला सारखे, बसायलाही सारखे. धाकट्या विमानाच्या टाक्यांसाठी बनवलेला तो काटा थोरल्या विमानात खऱ्यापेक्षा कितीतरी अधिक इंधन दाखवत होता. इंजिने थांबली तेव्हाही काट्यावर इंधन शिल्लक होते. दहा कुमारींच्या दृष्टान्तातील पाच मूर्ख कुमारींना आपली कुपी रिकामी आहे हे निदान डोळ्यांनी दिसू शकत होते. या वैमानिकांना तेवढीही सोय नव्हती. काट्यावर वाढलेल्या इंधनाची पावती कोठे आहे, हा प्रश्न मात्र त्या सकाळी निघाला होता; पावती सापडली नाही आणि तो विषय तसाच पुढे गेला. मला वाटते, सोळा माणसांचे आयुष्य त्या एका न सापडलेल्या कागदावर टांगलेले होते.

आपल्या देशातील उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. १५ नोव्हेंबर १९९३ रोजी इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-३०० विमान मद्रासहून हैदराबादला आले. तेथे दृश्यमानता कमी असल्याने ते उतरू शकले नाही आणि वर चढताना पंखांचे फ्लॅप, म्हणजे उतरताना बाहेर काढायच्या झडपा, आत जाईनात. विमान मद्रासकडे परत फिरले. निघताना भरलेले इंधन नियमाने पुरेसे होते. पण त्या झडपा बाहेर अडकलेल्या असताना हवेचा विरोध वाढतो, वेग घटतो आणि इंधन भराभर जळते. छत्री उघडी ठेवून वाऱ्याविरुद्ध सायकल चालवावी तसे. मद्रास गाठणे अशक्य झाले आणि अखेर तिरुपतीजवळ भाताच्या शेतात ते विमान उतरवावे लागले. २६२ माणसे होती आणि सर्वच्या सर्व वाचली. येथे मोजणी चुकली नव्हती. मोजणी ज्या गृहीतावर उभी होती ते गृहीत वाटेत बदलले आणि बदललेला हिशोब वेळेवर मांडला गेला नाही.

मराठवाड्यातील माणसाला विमान अपघात म्हटले की त्याच वर्षीचा, २६ एप्रिल १९९३ चा तेव्हाच्या औरंगाबादचा अपघात आठवतो: धावपट्टीच्या टोकाबाहेरील रस्त्यावर कापसाच्या गाठींच्या ट्रकला विमान धडकले आणि ५५ जण गेले. अलीकडे १२ जून २०२५ चा अहमदाबादचा अपघात सर्वांच्या मनात ताजा आहे. पहिल्याचा इंधनाशी संबंध नव्हता. दुसऱ्यात इंजिनांचा इंधनपुरवठा तुटल्याचे जुलै २०२५ च्या प्राथमिक अहवालात म्हटले आहे. पण तो टाकीतील इंधनाच्या मापाचा प्रश्न नव्हे. ज्या घरांतील माणसे गेली त्यांच्या दुःखापुढे तर्क लढवणे मला शोभणार नाही, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

माप बरोबर कळले, तरी ते बोलता आले पाहिजे. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचे बोइंग ७०७ न्यूयॉर्कजवळ आकाशात एकूण ७७ मिनिटे थांबवून ठेवले गेले होते. खराब हवामान, विमानांची रांग. सहवैमानिकाने नियंत्रकांना इंधन संपत आल्याचे सांगितले, अग्रक्रम मागितला. पण आणीबाणी दर्शवणारा ठराविक शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. कॅप्टनला वाटत होते की तो सांगितला गेला आहे. इंधन कमी आहे, असे तर रांगेतले प्रत्येक विमान म्हणत असते. नियंत्रकाला त्यातले गांभीर्य कळले नाही. विमान लाँग आयलंडवर कोसळले, १५८ पैकी ७३ जण दगावले. त्याआधी सुमारे अकरा वर्षे, २८ डिसेंबर १९७८ ला, अमेरिकेतील पोर्टलंड येथे युनायटेड कंपनीच्या विमानाचा कॅप्टन चाकांच्या बिघाडात इतका गुंतला की हाताखालच्या माणसांनी दबक्या आवाजात दिलेल्या इंधनाच्या सूचना त्याच्या मनापर्यंत पोहोचल्या नाहीत. त्यात दहा जण गेले. हाताखालच्याने स्पष्ट बोलावे आणि वरच्याने ते ऐकावे, याचे रीतसर शिक्षण वैमानिकांना त्यानंतरच्या काळात मिळू लागले.

ही संकोचाची सवय आपल्या घरांत काही कमी नाही. मोठ्यांना उलट विचारू नये, साहेबांना कागद मागू नये, फादरना दुरुस्त करू नये. विनय म्हणून आपण मुलांना हे शिकवतो आणि मग तीच मुले मोठी होऊन कुणाच्या तरी पंखाखाली उभी राहतात. आमच्या त्या तरुणाला मी विचारले की, आकडा जुळत नसेल तर कॅप्टनला थांबवण्याचे धैर्य तुला होईल का? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पहिल्या वर्षी झालं नसतं, फादर. आता होतं. आमच्या सुपरवायझरनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सही करण्याआधी तुला कळलं पाहिजे, मला नाही." असा वरिष्ठ प्रत्येकाला मिळत नाही.

आता शब्दांच्या बाबतीत सुधारणा झाली आहे. २०१२ पासून आंतरराष्ट्रीय नियमांत दोन ठरीव घोषणा आहेत. इंधन इतके उरले आहे की आणखी विलंब चालणार नाही, असे असेल तर 'मिनिमम फ्युएल'. आणि उतरताना ते शेवटचे तीस मिनिटांचे इंधनही पुरते हाती राहणार नसेल तर 'मेडे फ्युएल'. यात आदब किंवा अदमास यांना जागा नाही. नियंत्रकाने तो शब्द ऐकला की त्याला अर्थ विचारावा लागत नाही.

अर्थात, जाणूनबुजून केलेल्या पापावर शब्दांचा इलाज चालत नाही. २८ नोव्हेंबर २०१६ रोजी ब्राझीलच्या शापेकोएन्स फुटबॉल संघाला घेऊन जाणारे लामिया कंपनीचे विमान कोलंबियात मेदेयिनजवळ इंधन संपून कोसळले. ७७ पैकी ७१ जण गेले. प्रवासाला जितका वेळ लागणार तितकेच तास पुरेल एवढे इंधन त्याच्या कागदावरच लिहिलेले होते, राखीव काहीच नाही. बोलिव्हियातील विमानतळावरच्या एका महिला अधिकाऱ्याने त्यावर आक्षेपही घेतला होता. वाटेत उतरून इंधन घेणे टाळले गेले. मी वाचलेल्या प्रसंगांपैकी हा एकच असा की ज्याला 'मापात पाप' हे शब्द लागू पडतात.

काही काळापूर्वी मी स्वतः विमानाने प्रवास करीत असता दरवाजे बंद होऊनही विमान हलेना. वातानुकूलन मंद झाले, मुले रडू लागली. कॅप्टनने सांगितले की भरलेले इंधन आणि काट्यावरील इंधन यांच्या आकड्यांत फरक येत आहे, म्हणून पंखाखाली पुन्हा मोजणी चालू आहे. लोक संतापले. एका गृहस्थांनी हवाई सुंदरीला बोलावून, ही कसली कंपनी, साधे पेट्रोल भरता येत नाही का, असे मोठ्याने सुनावले. खिडकीतून मला पंखाखालचा माणूस दिसत होता. पिवळे जाकीट घातलेला, पंखाकडे मान वर करून पाहणारा, हातात कागद. तो दोनदा वाकला, दोनदा काहीतरी लिहिले. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ परभणीकडचे होते. "फादर, काय भानगड आहे?" त्यांनी विचारले. मी त्यांना लिटर, किलो, पायली आणि सरकीचे सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, खिडकीबाहेर एकवार पाहिले आणि घरी फोन लावला. "उशीर होतोय. मोजतायत अजून," ते म्हणाले. "माझी वाट पाहू नका, जेवून घ्या तुम्ही."